अर्पणपत्रिकेची जागा

छापखान्यात पुस्तकाची सुरुवातीची पानं लावायचं काम अक्काकडे असे. नावाचं पान, हक्कांचं पान, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका. लोकांच्या आया, बायका, गुरुजी तिने आजवर कोऱ्या पानाच्या मधोमध नीट बसवले होते आणि कुणाचं तिला कधी काही वाटलं नव्हतं.

मग धाकट्या बहिणीचं, चिमीचं पुस्तक आलं. पहिलाच कथासंग्रह. चिमी रांगत होती तेव्हा आई गेली. तिला तळहाताच्या फोडासारखं जपलं ते अक्काने. तिच्या शाळेपायी स्वतःची शाळा सोडली, आलेलं मागणं परतवलं. अर्पणपत्रिकेचा मजकूर तिने मुद्दाम शेवटी उघडला, गोड घास मागे ठेवावा तसा.

'आईस.'

एवढंच. अक्का ऋणनिर्देशात सापडली, ग्रंथपाल आणि शेजारच्या काकूंच्या मधे.

सख्ख्या आईचा, तीही गेलेल्या, आपल्याला हेवा वाटतोय हे कळून तिला लाज वाटली. पण हेवा काही हटेना. तिने 'आईस' उचललं आणि हक्कांच्या पानाच्या तळाशी, छापखान्याच्या पत्त्याखाली बारीक टायपात बसवलं.

चिमी पानं तपासायला आली. उलटसुलट करून म्हणाली, "अक्का, अर्पणपत्रिका कुठंय?"

"आहे की. पत्त्याखाली बघ."

"अशी कोपऱ्यात?"

"पानं वाढत होती."

चिमीने तिच्याकडे नीट पाहिलं. "तुला हवी होती ना ती?"

"हो," अक्का म्हणाली. "तिने काय केलं गं तुझं? सगळं मी केलं."

"तूच केलंस." चिमी खुर्चीवर टेकली. "पण आई हाक कशी मारायची, रागावली की काय करायची, सगळं तुझ्यापाशी आहे. मला तिचा चेहरासुद्धा फोटोतलाच माहीत. तू तिच्याबद्दल बोलायला लागलीस की माझा जळफळाट होतो, लहानपणापासून. तिचं माझ्याकडेही काहीतरी असावं म्हणून एक पान केलं."

अक्काला हे नवीनच होतं. तिने उजव्या हाताचं एक कोरं पान वाढवलं आणि 'आईस' मधोमध आणलं.

पुस्तक निघालं, बरं चाललं. चिमीने पहिली प्रत अक्कालाच दिली. ती प्रत बाहेरच्या खोलीत असते. कुणी पाहुणा ती हातात घेऊन पहिली पानं चाळू लागला, की अक्का चहा टाकायला आत जाते आणि तो गोष्टींपर्यंत पोचल्याशिवाय बाहेर येत नाही.