हे कोण सांगितलं?

समोरच्याचं बोलणं संपायच्या आत अक्का चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, “हे कोण सांगितलं?”

‘कुणी’ नाही, ‘कोण’. बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरांत असंच बोलतात. मी नोकरीसाठी पुण्याहून आलेली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. ज्याला हा प्रश्न विचारला जाई, त्याला मात्र हसू येत नसे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, की ज्याच्यासमोर स्वतःच्या बापाचं नाव सांगतानाही जीभ अडखळते.

इथल्या मराठी समाजाने सगळ्या घराण्यांची वंशावळ कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं होतं. मी व्हाइटफील्डला सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून डेटाबेसचं काम माझ्या गळ्यात पडलं. दर शनिवारी मेट्रोने चिकपेटला जायचं. तिथे समाजाचे सेक्रेटरी साड्यांचा घाऊक व्यापार करत, आणि दुकानावरची एक खोली त्यांनी आम्हाला दिली होती. लोक येत, माहिती सांगत, मी टाइप करी. आणि माझ्या शेजारी अक्का बसत.

त्यांची सगळी नोकरी विमा कंपनीत, दाव्यांच्या विभागात गेली होती. “माणूस मेला हे लोक रडून सांगायचे, मी सर्टिफिकेट मागायचे,” असं त्या अभिमानाने सांगत. त्यांच्या सांगण्यावरून मी प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना केला होता. त्यात पक्कं, ऐकीव किंवा संशय यांतलं एक निवडावं लागे. अक्कांचा जीव तिसऱ्यावर जास्त.

एक गृहस्थ आले. त्यांचा मूळपुरुष म्हणे सरदार होता, पदरी पाचशे घोडे.

“सरदार असतील, सरी,” अक्का म्हणाल्या, म्हणजे ‘ठीक आहे’. “पण घोडे कोण पाहिलं?”

शेवटी ‘नाव पक्कं, घोडे ऐकीव’ अशी नोंद झाली आणि गृहस्थ कॉफी न घेता गेले.

अक्कांचा कॉम्प्युटरवरही विश्वास नव्हता. “पुणेवाले, सेव्ह केलीस, की केली म्हणतेस नुसती?” असं विचारून त्या मला फाइल बंद करून पुन्हा उघडायला लावत. खालून आलेली कॉफी आधी हुंगत. सेक्रेटरी इतके आदबीने वागत, खोलीचं भाडं घेत नसत, तरी ते जिना उतरले की अक्का म्हणत, “हा माणूस इतका गोड का बोलतो?” मला ते आवडत नसे.

मग एक दिवस सेक्रेटरींनी स्वतःच्या घराण्याची माहिती दिली. आजोबांची जन्मतारीख माहीत नाही, आजीचं माहेर माहीत नाही. “वडील थोरले. त्यांना एक धाकटा भाऊ, माझे काका. अविवाहित वारले,” असं सांगून ते खाली गेले.

अक्कांनी चष्मा चढवला. “बाकी काही ठाऊक नाही, आणि काका अविवाहित हे मात्र विचारायच्या आधी सांगितलं. का?”

“अक्का, ठाऊक असेल म्हणून सांगितलं.”

“स्वल्प थांब. लिहू नको.”

पुढे दुसऱ्या एका घराची माहिती घेताना एका म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं, की ते काका बेंगळुरूबाहेर आनेकलला शिंपीकाम करत आणि दुकान अजून चालू आहे. अक्कांनी तिथेच आनेकलला जायचं ठरवलं. आता मला अक्कांचाच संशय येऊ लागला. सेक्रेटरींनी कधीतरी अक्कांच्या भाच्याला नोकरीवरून काढलं होतं, असं मी ऐकलं होतं. हा जुना राग तर नसेल? माझा संशय खरा की खोटा हे पाहायलाच मी त्यांच्याबरोबर आनेकलच्या बसमध्ये चढले.

दुकान बाजाराच्या टोकाला होतं, मागेच घर. मशीनवर पन्नाशीची एक बाई ब्लाउज शिवत होती. अक्कांनी काकांचं नाव घेतलं तसा तिचा पाय थांबला. तिने कन्नडमध्ये विचारलं, “तुम्हाला कुणी पाठवलं?”

“कुणी नाही. आम्ही वंशावळ करतो.”

“सही कशावर हवी आहे?”

“सही नको.”

“मग बॅगेत काय आहे?”

अक्कांनी बॅग उघडून तिच्यासमोर रिकामी केली. छत्री, गोळ्या, पाण्याची बाटली, चष्म्याचं घर. त्या प्रसन्न दिसत होत्या. “शाबास,” त्या मराठीत पुटपुटल्या. “आधी हेच विचारावं.”

बाई चपापली. मग अडखळत, पण मराठीतच म्हणाली, “बसा.”

तिचं नाव सरोजा. त्या काकांची ती एकुलती एक मुलगी. त्यांनी जातीबाहेरच्या मुलीशी लग्न केलं आणि त्यांच्या वडिलांनी सांगून टाकलं, आमच्यापुरता तू मेलास. ते आनेकलला आले ते परत गेलेच नाहीत. “माझ्याशी अप्पा मराठी बोलायचे,” सरोजा म्हणाली. “पण दार लावून.”

“तुझं नाव घालू वंशावळीत?” अक्कांनी विचारलं.

“नको. हिस्सा मागायला आली म्हणतील.”

“सरी. नको तर नको.”

तिने केलेला चहा अक्का न हुंगता प्यायल्या, स्वतःचा फोन नंबर दिला, तिचा घेतला आणि उठल्या. परतीच्या बसमध्ये मी चिडले. “नाव घालायचंच नव्हतं तर इतक्या लांब कशाला आलो?”

“तिला विचारायला. आजवर तिला विचारलंच नव्हतं कोण.”

पुढच्या शनिवारी अक्कांच्या सांगण्यावरून मी काकांच्या नोंदीतला ‘अविवाहित’ काढला. तिथे काहीच लिहिलं नाही. सेक्रेटरींच्या ते लक्षात आलं. त्यांचा गोड आवाज मी प्रथमच चढलेला ऐकला.

“अक्का, माझ्या घरातलं तुम्हाला जास्त माहीत?”

“मला नाही माहीत. म्हणून तर रिकामं ठेवलं.”

“अविवाहित लिहा. नाहीतर खोली मोकळी करा.”

अक्कांनी पिशवी उचलली आणि जिना उतरल्या. मी नोंद तशीच ठेवून मशीन बंद केली.

समाजाच्या वार्षिक मेळाव्यात सगळ्या घराण्यांच्या शाखा मोठ्या कागदांवर छापून हॉलच्या भिंतींना लावल्या होत्या. कुणाला चूक दिसली तर सांगावी म्हणून. अक्का आल्या होत्या, मागे उभ्या होत्या. सेक्रेटरींनी चाकाच्या खुर्चीतून आपल्या आईला आणलं. फार थकलेली बाई, नजर गेलेली. मला म्हणाली, “आमची नावं वाच गं.”

मी वाचत गेले. सासरे, नवरा, मुलं. मग दीर. आणि थांबले.

“आणि सरोजा?” म्हातारीने विचारलं.

सेक्रेटरी खाली वाकले. “आई, तुला नीट आठवत नाहीये.”

“मला आठवत नाही? मी न्हाऊ घातलं तिला!”

अक्का पुढे आल्या. मला वाटलं, आता निदान आज तरी विचारणार नाहीत. पण त्यांनी विचारलंच, हळू आवाजात. “अम्मा, हे तुम्हाला कोण सांगितलं?”

“कोण कशाला सांगायला हवं? देवळात जाते म्हणून निघाले आणि आनेकलला गेले. जाऊबाई बाळंत झाली होती, जवळ कोण नव्हतं. पाच दिवसांची पोर माझ्या पायावर घेतली होती मी.”

आई तेव्हा आनेकलला जाऊन आली होती हे सेक्रेटरींना खरंच ठाऊक नव्हतं, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. अक्कांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी मोबाइल काढला, नंबर लावला, पलीकडे दोन शब्द बोलल्या आणि फोन म्हातारीच्या कानाला धरला.

“कोण?” म्हातारी म्हणाली. मग बराच वेळ नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मी तुझी दोड्डम्मा गं. थोरली आई. जेवलीस का?”

सरोजा चिकपेटला आली ती नंतरच्या महिन्यात, दोड्डम्माला भेटायला. म्हातारीसाठी तिने ब्लाउज शिवून आणला होता. अंदाजाने शिवलेला, खांद्यात सैल. सेक्रेटरींनी स्वतः तिला जिन्यावरून वर आणलं आणि मला म्हणाले, “हिचं नाव घाला.” मी सरोजाकडे पाहिलं. तिने मान हलवली, तेव्हा घातलं. अक्कांना सेक्रेटरींनी पुन्हा बोलावलं, पण त्या आल्या नाहीत. घरूनच कागद तपासून पाठवत राहिल्या. “आता तर जास्तच गोड बोलतो,” असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. थोड्या दिवसांचा ताप, बस. तेराव्याला भाच्याच्या घरी मोजकीच माणसं होती. सरोजा आनेकलहून बस बदलत आली आणि दाराशी चपला काढून उभी राहिली. भाच्याच्या बायकोने तिला कधी पाहिलं नव्हतं.

“तुम्ही अक्कांच्या कोण?” तिने विचारलं.

सरोजाने थोडा विचार केला. “कोण नाही,” ती म्हणाली. “त्या माझ्या घरी आल्या होत्या.”