धाकटीच्या डब्यातली वडी

धाकट्या जावेने पहिल्यांदा घरी साबण केला, त्या दिवशी मी मुद्दाम शेजारणीकडे तुरी निवडायला जाऊन बसले. बघायला थांबले असते तर तोंडातून काहीतरी वाकडं निघालंच असतं.

अमडापुरात आमच्या आळीत दिवाळीचं उटणं म्हटलं की माझंच नाव निघतं. मसुरीची डाळ, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, संत्र्याच्या वाळवलेल्या साली, सगळं मी स्वतः निवडून दळून आणते. कशाचंही माप नाही. आमच्या घरात माप म्हणजे हात. लोणच्याचं मीठ मुठीने, पापडाचा खार चिमटीने, आणि कधी बिघडलं नाही. घरात मी वीस वर्षांपासून आहे, धाकटी येऊन तिसरं वर्ष. तिचं माहेर लोणारकडचं. बोलणं हळू, काम भराभर. अशा बायकांचा मला आधीच राग येतो.

तिने मोबाईलवर बघून साबण शिकला. चिखलीहून रबरी साचे आणले, छोटा तराजू आणला, खोबरेल तेल आणि कॉस्टिक सोडा ग्रॅम ग्रॅम मोजून घेतला. वडी पडली की महिनाभर फळीवर वाळत ठेवायची. मग जिभेच्या टोकाला लावून बघायची. झिणझिणलं तर अजून कच्ची. मला हसू यायचं. साबण चाटणारी बाई मी दुसरी पाहिली नव्हती.

हसू फार दिवस टिकलं नाही. सासूबाईंच्या मांडीचं हाड मोडल्यापासून त्यांना आंघोळ मी घालायची. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर पाणी तापवायचं, त्यांना न्हाणीत स्टुलावर बसवायचं आणि पाठीला उटणं चोळायचं. दिवसभर घर चालवणारी ती बाई तेवढा अर्धा तास माझी असायची. कुणाचं लग्न जमलं, कुणाचं मोडलं, सगळं तिथे मला सांगायची. आणि एका सकाळी मी वाटीत उटणं कालवत होते तर म्हणाल्या, ‘‘राहू दे व ते. धाकटीची कडुलिंबाच्या पाल्याची वडी आण. खाज तं पार गेली माही त्यानं.’’

मी वडी आणली. चोळली. कालवलेलं उटणं मोरीत ओतून दिलं. पुढे रोज तेच. त्यात शेजारणी यायच्या, वडी हुंगायच्या, ‘‘लय हुशार हाय व तुमची धाकटी,’’ म्हणायच्या, आणि मी गॅसवरचं दूध उतू जायच्या आत तिथून उठायची. बहुतेक वेळा गॅसवर दूध नसायचंच.

शेवटी धाकटी दोन दिवस माहेरी गेली तेव्हा मी तिचं सामान काढलं. साबण म्हणजे काय मोठं, असं मनात होतं. तराजू समोर होता, पण त्याला हात लावला नाही. तिच्या तराजूने केला तर तो तिचाच साबण झाला असता. तेल ओतलं अंदाजाने. सोड्याचे चमचे घातले, तेही चढते, कारण खारात हात आखडला की पापड फुलत नाही हे मला ठाऊक होतं. कडुलिंबाचा पाला वाटून टाकला. वड्या सुरेख दिसत होत्या, तिच्यापेक्षा हिरव्यागार.

महिनाभर थांबायला माझ्यात दम कुठला? चौथ्या दिवशी एक वडी तिच्या डब्यात ठेवली, सगळ्यात वर. आता खरं सांगते, ती तिच्या डब्यात का ठेवली ते. चांगली निघाली तर ‘माझी’ म्हणणार होते. वाईट निघाली तर डबा तिचा होता.

दुसऱ्या सकाळी सासूबाईंच्या पायाला फेस लावला आणि घटकाभरात त्या ओरडल्या, ‘‘काय लावलं व हे? आग होऊन राह्यली!’’

पाय लालबुंद झाले होते. मी नुसतीच उभी राहिले. धाकटी धावत आली, तिने आधी गार पाण्याच्या कळशांवर कळशा पायांवर ओतल्या. मग ती वडी उचलली, जिभेला लावली, तोंड वेडंवाकडं करून थुंकली. माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

‘‘चुकलं माह्यं, आई,’’ ती म्हणाली. ‘‘सोड्याचं तौल चुकलं असन.’’

मी खाली बसून सासूबाईंचे पाय टिपू लागले. आणि मनात काय आलं असेल? लाज नंतर आली. आधी आला तिचा हेवा, की एवढं मोठं मनही हिच्याकडेच का.

लाली दोन दिवसांत उतरली. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘‘उटणं काल्व तुह्यं.’’ मला जे हवं होतं ते सगळं परत मिळालं: न्हाणी, पाठ, गप्पा. धाकटीने साचे माळ्यावर टाकले. आठ दिवस मी ते सुख भोगलं आणि आठही दिवस कुणी रागावलं नाही तरी कुणीतरी ओरडतंय असं वाटत राहिलं.

नवव्या दिवशी पाठ चोळता चोळता मी बोलून टाकलं, ‘‘आई, ती वडी माही होती.’’

‘‘मालूम हाय मले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कच्ची वडी तिनं मले कधी देल्ली नसती.’’

माझा हात थांबला. ‘‘मंग तिचा साबण काऊन सोडला तुमी? माह्यं उटणं काऊन मागतलं?’’

त्यांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

‘‘तू रुसतं म्हणून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘धाकटी नाही रुसत. पाणी टाक आता, थंडी वाजून राह्यली.’’