तासाला किती पडले

आमच्या बाबांनी जन्मभर टॅक्सी चालवली आणि जगातली सगळी कामं मीटरवर मोजली. मीटर चालू तर माणूस कामाचा, बंद तर रिकामटेकडा. मी एका कारखान्याच्या कचेरीत पगारपत्रकं करते. माहेरी गेले की विचारायचे, "तुझा मीटर तासाला किती पाडतो गं?" आकडा बेताचाच, पण दर महिन्याला तोच यायचा, म्हणून त्यांना बरं वाटायचं.

धाकटा भाऊ मात्र नकाशे काढायची नोकरी सोडून गेम खेळायला बसला. एका स्पर्धेत त्यानं दुपारभरात माझा सहा महिन्यांचा पगार जिंकला होता. बक्षिसाला त्या दुपारच्या तासांनी भागून मला ऐकवलं, "बघ ताई, तासाला किती पडले. तू कर खर्डेघाशी." त्या एका दुपारसाठी दोन वर्षं बोटं झिजवली, ते तास शहाण्यानं धरलेच नव्हते. पुढे बक्षीस काही आलं नाही. मग तो आपला खेळ इंटरनेटवरून लोकांना थेट दाखवायला लागला. बघणारे दहा-बारा, त्यातले निम्मे चुकून आलेले.

शेवटी तोच माझ्याकडे आला. "तुझ्या साहेबांना विचार ना. कसलंही काम चालेल." तो आवाज ऐकून माझा जीव तुटला. साहेबांचे पाय धरायचे तेवढे मी बाकी ठेवले. त्यांनी सोमवारी अकराला बोलावलं आणि बजावलं, "उशीर झाला तर दुसऱ्याला घेईन." नोकरी लागली की मगच बाबांना सांगू, असं भावाचं म्हणणं पडलं.

सोमवारी त्याला न्यायला माहेरी गेले, तर हा इस्त्रीचा शर्ट घालून अजून स्क्रीनसमोरच. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक घड्याळ उलटं चाललं होतं. शेवटचा खेळ म्हणून त्यानं शनिवारी लोकांना शब्द दिला होता, की घड्याळ शून्यावर येईपर्यंत उठणार नाही आणि कुणी पैसे पाठवले की वेळ वाढेल. त्याला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत आटपेल.

"ऊठ आता."

"चारच मिनिटं राहिलीत, ताई."

एवढ्यात टिंग झालं आणि घड्याळातली मिनिटं वाढली.

"पुन्हा तोच," तो म्हणाला. "जुना गडी असं नाव लावतो. संपत आलं की पाठवतो. माझ्यावर विश्वास असलेला एकच माणूस आहे, त्याला दिलेला शब्द कसा मोडू?"

बाबांनी समजवावं म्हणून मी बाजूच्या खोलीत गेले. बाबा पलंगावर बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्या हातातल्या फोनवर भाऊ दिसत होता.

"शनिवारपासून डोळ्याला डोळा नाही," ते कुजबुजले. "पोराचा मीटर बंद पडत होता. मी पडू दिला नाही."

टॅक्सी विकून आलेले पैसे होते ते, दुखण्याखुपण्यासाठी ठेवलेले. आणि त्यातले निम्मे तर खेळ दाखवणारी कंपनीच कापून घेते.

"बाबा, त्याला नोकरी मिळतेय. अकराला जायचंय. ते घड्याळ संपायचीच वाट बघतोय तो."

त्यांना कळायला वेळ लागला. मग त्यांनी फोन उशीवर पालथा ठेवला.

भिंतीपलीकडून भावाचा आवाज आला, "गड्या, आहेस ना?" जरा वेळानं तेच शब्द उशीवरच्या फोनमधून आले. बाबांचा हात तिकडे गेला. मी तो घट्ट धरला.

थोड्या वेळानं भाऊ दारात येऊन उभा राहिला. "संपलं. तोपण गेला."

तेवढ्यात उशीवरच्या फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्यानं पुढे होऊन फोन सरळ केला. स्क्रीनवर त्याचीच खोली, त्याचीच रिकामी खुर्ची, आणि खाली 'जुना गडी'.

तो बाबांच्या शेजारी बसला. तेव्हाच निघालो असतो तर अजून वेळेत पोचलो असतो.

"ताई, तू पगाराचा हिशोब करतेस ना? सांग, तासाला किती पडले मला?"

बाबाच माझ्याकडे आशेनं बघत म्हणाले, "चांगले पडले असतील. नाही का गं?"

"ऊठ, उशीर होतोय," मी म्हटलं. तो शर्टाची बटणं काढत होता.