वसंताले मी जिवंत ठेवलं

सन एकोणीसशे एकोणऐंशी. माझं वय तेव्हा पंचावन्न. त्या सालची एक गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायको जिवंत असती तर तिलेही सांगितली नसती. चौथी नापास माणूस मी, हाताले थापीची सवय, पेनाची नाही. तरी लिहून राहिलो. तू मले ओळखत नाहीस, तेच बरं आहे.

मी गवंडी. हुडकेश्वर तेव्हा नुसतं खेडं होतं, चारी बाजूनं शेतं. माझी भिंत ओळंब्याले कधी चुकली नाही. एकदा एका मालकानं भिंत वाकडी म्हटली, तर मी ती त्याच्यादेखत पाडली अन् म्हटलं, "आता तूच बांध." हे काहून सांगतो? मोठेपणा मिरवाले? हो, थोडं तसंच. सवय जात नाही. पण माझा स्वभाव समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

एकुलता एक पोरगा, वसंता. फौजेत गेला. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न केलं, पोरगी कुहीकडची, कुसुम. सुट्टी संपली, तो गेला, अन् डिसेंबरात लढाई लागली. मग कागद आला. पोस्टमननं वाचून दाखवला – लापता. मेला नाही, जखमी नाही. लापता. असा कसा शब्द आहे हा? मेला म्हटलं तर माणूस रडतो, जिवंत म्हटलं तर वाट पाहतो. लापता म्हटल्यावर माणसानं करावं काय?

त्या दिवसांत तिकडच्या रेडिओवर पकडलेल्या जवानांची नावं सांगत. डोमाजीच्या चहाच्या हॉटेलात रेडिओ होता. रोज संध्याकाळी आम्ही सारे तिथं कान लावून बसायचो. वसंताचं नाव आलं नाही. एक दिवस नथ्थू आला. आधी माझ्या हाताखाली घमेली वाहायचा, आता ठेकेदार झालेला. चहा फुरकत म्हणतो,

"काहून गा मिस्त्री, लापता म्हणजे काय? ओळंबा सुटला का हातातून? का पोट्ट्यानं तिकडंच सासुरवाडी केली?"

सारे हसले. डोमाजीही हसला.

"हसता काय बे?" मी म्हटलं. "आयकलं मी त्याचं नाव. शहरात, सदरले साहेबाच्या बंगल्यावर काम चालू आहे, तिथल्या रेडिओवर. नाव, नंबर, गाव, सारं. कैदेत आहे तो. शेर आहे माहा पोट्टा!"

एक शब्दही ऐकला नव्हता मी. त्या बंगल्यात रेडिओ होता का, तेही माहीत नव्हतं.

मी घरी पोचायच्या आधी बातमी घरी पोचली होती. बाया जमल्या होत्या, कुसुमची ओटी भरून राहिल्या होत्या. तिनं माझ्या हातावर साखर ठेवली. मी खाल्ली. तेव्हाच सांगता आलं असतं ना, रागाच्या भरात बोललो म्हणून? पण मग नथ्थू काय म्हणाला असता? मी साखर खाल्ली.

पुढं कैदी सुटून आले. वसंता आला नाही. कुसुम म्हणे, "मामाजी, सारेच थोडी सोडले असतीन?" मी म्हणे, "नाही ना." फौजेनं दुसरा कागद पाठवला – लापता आहे, मेला असं मानतो. पेन्शन तिच्या नावानं सुरू झाली. तिची सासू त्याच साली गेली. घरात आम्ही दोघंच. ती कुंकू लावत राहिली, दरवर्षी वडाले सूत गुंडाळत राहिली. मी पाहत राहिलो.

सात वर्षं गेली. मग तिचा बाप, माझा इवाई, कुहीहून आला. भला माणूस. आवाज खाली ठेवून म्हणाला, "पोरगी सत्तावीस वर्षांची झाली, इवाई. आमच्याकडं धानाच्या गिरणीवर एक माणूस आहे, बायको वारलेली. पाट लावतो म्हणते. पण तो म्हणते, कोर्टाचा कागद पाहिजे. उद्या लेकरंबाळं झाली तर कोणी बोट दाखवू नये." त्या आठवड्यात कुसुम चुलीजवळ गुणगुणताना मी ऐकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

इवायानं पोरीच्या नावानं केस टाकली, अन् तिच्या वकिलानं मले समोर बसवून कायदा समजावला. ज्याची सात वर्षं काही खबर नाही – अन् कोणाले नाही? तर ज्यायले खबर यायलेच पाहिजे, बाप, बायको, त्यायले नाही – अशा माणसाच्या बायकोले कोर्ट मोकळी करते. फौजेनं पेन्शनीपुरता मेला धरला, ते वेगळं; लग्न मोडायले कोर्टाचा हुकूम लागते. वकील म्हणाला, "तुमचं रेडिओचं जुनं झालं, बाबाजी. त्यालेही सात वर्षं होऊन गेली. त्याच्यानंतर काही समजलं नाही, एवढंच सांगा. पोरगी सुटते."

कायदा मले समजला. चौथी नापास असून पुरता समजला. कोणतं दार कुठं उघडते ते समजलं, म्हणजे ते बंद कसं करायचं तेही समजलं.

कोर्टाच्या आदल्या दिवशी जेवताना कुसुमनं मले विचारलं. भात वाढता वाढता, माझ्याकडं न पाहता. "मामाजी, रेडिओवर खरंच आयकलं होतं का तुमी? नसन आयकलं तरी मी काही म्हणत नाही. तुमच्या तोंडून एकदा समजलं का मी सुखानं जाईन."

पाहा, तिनं किती सोपं करून दिलं होतं. "नाही" म्हणायचं, एवढंच. अन् मी काय केलं? ताट सरकवलं. "माह्या कानावर इश्वास नाही का वं तुहा?" म्हणून ओरडलो. ती घाबरून म्हणाली, "तसं नाही, मामाजी." सरकवलेलं ताट तिनं पुन्हा माझ्यापुढं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून मी कोर्टात उभा राहिलो. शपथ घेतली. वकिलानं विचारलं, नंतर काही खबर? मी म्हटलं, आहे. दोन वर्षांखाली मोठ्या स्टेशनवर एक फौजी भेटला. म्हणाला, मी तिकडच्या जेलात होतो, तुमचा वसंता तिथं आहे, जिवंत आहे. वकील माझ्याकडं पाहतच राहिला. जज साहेबानं विचारलं, ओळख कशी पटली? मी म्हटलं, त्यानं भुवईवरची खूण सांगितली, साहेब. लहानपणी वसंता परांचीवरून पडला होता, त्याची.

मागं कुसुमचा हुंदका ऐकू आला. ती खूण तिले माहीत होती. बाहेर आल्यावर तिनंच वकिलाले सांगितलं, "काही नको आता, केस मागं घ्या." इवाई माझ्यासमोर आला अन् हात जोडून म्हणाला, "माफ करा, इवाई. मी तुमच्या जित्या पोराले माराले निघालो होतो." मी त्याले माफ केलं. मी – त्याले!

इथवर मी खोटा बोललो, एवढंच तुले समजलं. पण ते पूर्ण नाही. इथपर्यंत लिहून मी दोनदा उठलो. आता सांगतो.

फौजी खरा होता. त्र्याहत्तर साली आला होता. स्टेशनवर नाही, माझ्या कामावर. वसंताच्या पलटणीतला, सुट्टीवर घरी जाता जाता मुद्दाम उतरलेला. विटांच्या ढिगावर बसून त्यानं मले सांगितलं. तोफेचा गोळा खंदकावर पडला, वसंता त्यात होता, त्यानं डोळ्यांनी पाहिलं. उचलाले काही राहिलं नव्हतं, म्हणून लापता लिहिलं. रडला तो. म्हणाला, "भाभीजी को बताना है, उनसे मिलने आया हूं." मी म्हटलं, घरी सारे बिमार आहेत, मीच सांगतो. त्याले चहा पाजला, मोटारीत बसवून दिला. त्याची पाठ फिरली, अन् मी उरलेला थर पुरा केला.

म्हणजे मले माहीत होतं. पोरगा गेला हे माहीत असून मी सहा वर्षं तिले वडाले सूत गुंडाळू दिलं. अन् जो माणूस तिले खरं सांगाले आला होता, त्यालेच कोर्टात उभं करून त्याच्या तोंडी उलटं घातलं.

काहून? नथ्थू हसला असता म्हणून? घरात भात कोण रांधन म्हणून? ती गेली असती तर वसंता खरोखर मेला असता म्हणून? तिन्ही खरं आहे. तिन्ही मिळूनही तिच्या एका वर्षाचं मोल होत नाही. ती अजून याच घरात आहे. केस पांढरे झाले तिचे. मी हे लिहून राहिलो, अन् ती आत तांदूळ निवडून राहिली.

कोर्टाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर उठली. न्हाली, हिरवं लुगडं नेसली, कपाळभर कुंकू लावलं, अन् माझ्या पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सौभाग्यवती हो," म्हटलं. मग थापी घेतली अन् कामावर गेलो.