पांढऱ्या साडीच्या आत

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात बकुळा अकरा वर्षं ब्रेसियर शिवत होती. दिवसाला दोनशे नगांना इलास्टिक लावायचं. ते हाताने ओढायचं, पण बेतानेच. जास्त ओढलं तर घालणारीला काचतं, कमी ओढलं तर महिन्यात लोंबतं. तिच्या हातचा नग कधी परत आला नव्हता.

होणाऱ्या सासरी यातलं काही माहीत नव्हतं. स्थळ आणणाऱ्या गयाबाईंनी बदलापूरजवळच्या खरवईच्या मंडळींना सांगितलं होतं, मुलगी एक्स्पोर्ट कंपनीत चेकिंगला आहे. लग्नानंतरही कामावर जाईन, ही बकुळाची एकच अट. चेकिंग म्हटल्यावर ती मान्य झाली. तेव्हापासून तिने तोंड मिटून ठेवलं होतं.

लग्न आठ दिवसांवर आलं तेव्हा होणारी सासू भिमाबाई तिला आतले कपडे घ्यायला घेऊन गेली. तेही बकुळाच्याच कॅम्पातल्या दुकानात. बकुळाने बदलापूर सुचवून पाहिलं होतं.

"छे गं, माल सगळा इथूनच जातो तिकडे," भिमाबाई म्हणाली.

दुकान बोळाएवढं. पुढे काउंटर, मागे भिंत, बाहेर जायच्या वाटेवर भिमाबाई. दुकानवाल्या भाभीने लाल जाळीचा सेट पसरला. "दुल्हन के लिए. एकदम फॅन्सी."

"लाल काय करायचंय? आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. पांढरं द्या, चौतीस."

बकुळाला छत्तीस लागायचं. आणि पांढऱ्या ब्लाऊजमधून पांढरंच उठून दिसतं, अंगाच्या रंगाचं दिसत नाही. पण एवढं बोललं की पुढचं विचारणार. तिने चौतीसलाच मान डोलावली. बुद्धवंदना, पंचशील, मग दुपारभर पाहुण्यांबरोबर फोटो. सगळं या चौतिसात.

"नीट बघून घे. बदलून मिळत नाही," म्हणत भिमाबाईने नग तिच्या हातात दिला.

हात आपोआप चालले. तिने नग उलटा केला, जोड नखाने दाबला, इलास्टिक दोन्ही अंगठ्यांत धरून ताणलं. काउंटरखाली उजवा पाय दाबला गेला, मशीनच्या पायडलवर दाबावा तसा.

"डावीकडचं फार ओढलंय," तिच्या तोंडून गेलं.

भाभी हसली. "सिलाईवाली है ना? चेकिंगवाली सिर्फ देखती है. ऐसे सिलाईवाली पकडती है."

भिमाबाईने बकुळाकडे पाहिलं. "हेच शिवतेस?"

"हो, आत्या."

"किती वर्षं?"

"अकरा."

"बरं," भिमाबाई म्हणाली. "तुझ्या मनासारखं घे. लग्नाच्या दिवशी अंगाला काचायला नको."

बकुळाने अंगाच्या रंगाचं छत्तीस काढलं. शिलाई दोन्हीकडे सारखी होती. भिमाबाईने पैसे दिले.

"काम मात्र या आठवड्यात सोड. माझ्या मिलिंदला मी सांगते. लग्न काही मोडत नाही मी. पण खरवईत बायका विचारतील, सून काय शिवते. मी काय, हातात धरून दाखवू?"

"माझं काम चांगलं आहे, आत्या."

"ते दिसलंच की."

बाहेर निघायचं म्हणून बकुळाने पिशवी उचलली. भिमाबाई वाटेतून हलली नाही. तिने भाभीला दुसरा खोका उघडायला लावला.

"आमच्या प्रीतीसाठी, तुझ्या नणंदेसाठी, दोन निवड. बत्तीस. पोरीला सारखं काचतं. तुला कळतं त्यातलं."

बकुळाने पिशवी खाली ठेवली. खोका पुढे ओढला आणि पहिला नग ताणून पाहिला.