यादीतली माझी ओळ

अशा गोष्टी मी या ग्रुपवर सकाळच्या चहाबरोबर वाचते आणि खाली "वायर लूज असेल" छाप कमेंट टाकून मोकळी होते. आज मीच लिहायला बसलेय, तेव्हा आधी हसून घ्या.

मी मनीषा, कुळगावला राहते. अंबरनाथला आनंदनगर एमआयडीसीतल्या एका मशीन पार्टच्या कंपनीत आयटीत आहे. आमची सगळी ड्रॉइंग क्लाउडवर असतात आणि ती कुणाच्या इंटरनेट पत्त्यावरून उघडतील याची एक यादी आहे. स्क्रिप्ट चालवली की यादीतल्यांना दार उघडं, बाकी जगाला बंद. ही स्क्रिप्ट भोईर सरांची. प्रत्येक पत्त्यापुढे ते मराठीत शेरा लिहायचे – कोण, कुठून, कधीपर्यंत. कुणाला बंद करायचं झालं तरी ओळ पुसायची नाही, नुसती बाद करून पुढे "सध्या नको" लिहायचं, ही त्यांची पद्धत. शिकवताना सारखं एकच सांगायचे, "पोरींनो, दार लावायच्या आधी आपण आत आहोत का बघा."

पोरी म्हणजे मी आणि कांचन. ती उल्हासनगरची सिंधी, कॅम्प चारची. एकाच दिवशी लागलो दोघी. पण सरांची लाडकी तीच! माझं काम ओळ न् ओळ तपासायचे, तिचं नुसतं "बरंय" म्हणून पास. गेल्या वर्षी सर अचानक गेले, तर आदल्या दिवशीचा फोनसुद्धा तिलाच. जळायचे मी तिच्यावर. स्पष्टच सांगते.

मग टीम लीडची जागा निघाली. दोघींपैकी एकीला मिळणार होती. माझं प्रेझेंटेशन शुक्रवारी झालं, यथातथाच. कांचनचं सोमवारी साडेअकराला होतं, तेही घरून, कारण तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं. सोमवारी मीही घरूनच काम करते.

अकरा वाजता मी यादी उघडली. कांचनच्या घरच्या पत्त्याची ओळ पुसून टाकली आणि स्क्रिप्ट चालवली. आता प्रेझेंटेशनमध्ये साहेबांसमोर तिचं एकही ड्रॉइंग उघडणार नव्हतं. खोटं कशाला बोलू... बरं वाटत होतं.

सहज म्हणून एक ड्रॉइंग उघडायला गेले, तर मलाच "प्रवेश नाही"!

परत यादी उघडली; ती वेगळ्या ठिकाणी असते, तिला पत्त्याची अट नाही. कांचनची ओळ जागच्या जागी होती. बाद झाली होती ती माझी, आणि पुढे शेरा – "मनीषा, कुळगाव, घर. सध्या नको."

नोंदी काढल्या. अकरा वाजून दोन मिनिटांनी मी ओळ पुसलेली. अकरा वाजून चार मिनिटांनी पुन्हा माझ्याच लॉगिनने यादी बदललेली, स्क्रिप्ट पुन्हा चाललेली. पण पत्ता माझा नव्हता. तो बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातला, सरांच्या घरचा होता. सर गेल्यावर मीच तो यादीत बाद केला होता, म्हणून पाठ होता.

काकूंना, म्हणजे सरांच्या मिसेसना, फोन लावला. "अगं, ते वायफायचं डबडं कधीच परत दिलं," त्या म्हणाल्या. "का गं?" मी काहीतरी थाप मारली.

तुम्ही म्हणाल, इंटरनेट कंपनीने तो पत्ता दुसऱ्या कुणाला दिला असेल. असेल. पण त्या दुसऱ्याकडे माझा पासवर्ड? आणि "सध्या नको"?

बारा वाजता कांचनचा फोन. "यार मनीषा, तुझी लाईन बंद कशी काय? किसने किया? थांब, मी चालू करते."

"माझ्याकडूनच चुकून झालं गं," मी म्हटलं.

"होता है," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तिने नोंदी पाहिल्या होत्या का, हे विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही. माझी ओळ मात्र तिने चालू केली आणि पुढे सरांसारखाच शेरा लिहिला – "मनीषा, कुळगाव, घर. कायम."

लीड तीच झाली. त्या दोन मिनिटांत काय घडलं ते मला अजून कळलेलं नाही, कुणाला कळलं तर सांगा. पण भीती नाही वाटत मला. दुसरंच टोचतं. सर गेल्यावर परत आले असतील, तर माझ्या लॉगिनमधून, माझ्या समोर आले... आणि आले तेही तिच्यासाठीच.