लेल्यांची मुकी गिरणी

लेले कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला हात लावायचे. यजमान "या, बसा" म्हणत असायचा, आतून पाण्याचा तांब्या येत असायचा, आणि हे गृहस्थ आजाऱ्याचा ताप बघावा तसे भिंतीवर तळवा टेकवून, डोळे मिटून उभे. मग म्हणायचे, "मालगाडी गेली." नाहीतर, "वर कोणीतरी मसाला कुटतंय." आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या बायकोला, इंदूला, वाटलं की हे घर विकत घ्यायला आलेत. मी तिला सांगितलं, की हे आमच्या कारखान्याचे संशोधन खात्यातले लेले. खरं म्हणजे खातं आणि लेले या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच, कारण त्या खात्यात दुसरा माणूसच नव्हता.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. आमचा कारखाना ठाण्याला. पाण्याचे पंप आणि पिठाच्या गिरण्या बनवायचा. मी विक्री खात्यात, म्हणजे बोलून पोट भरणाऱ्यांत. लेले मुंबईहून इंजिनिअर होऊन आलेले, आणि त्यांचा विषय एकच : कंप. यंत्र का हलतं, किती हलतं, आणि ते हलायचं थांबवायचं कसं. "जे हलतं ते झिजतं, जे झिजतं ते मोडतं," असं ते पंपाबद्दलही म्हणायचे आणि माणसांबद्दलही. आवाजाचा तर त्यांना मनस्वी राग. "आवाज म्हणजे काय हो? वाया गेलेली ताकद!" एकदा मोठ्या साहेबांच्या खोलीत महत्त्वाची बैठक चालू असताना हे गुडघ्यांवर बसून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली कागदाची घडी सारत होते. साहेब बोलायचे थांबले. लेले खालून म्हणाले, "चालू द्या, चालू द्या, आता नीट ऐकू येईल."

आम्ही दोघंही डोंबिवलीला, चार घरं सोडून राहायचो. त्यांच्या घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. कुमुद नावाची त्यांची मुलगी चार वर्षांची होऊन घटसर्पाने गेली होती. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नाही. लेले जास्तच कामात बुडाले. सुमतीवहिनी चहा आणून ठेवायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि आत जायच्या. भांडंसुद्धा वाजायचं नाही त्या घरात. इंदू म्हणायची, "त्यांच्याकडे गेलं की मला उगाच हळू बोलावंसं वाटतं."

याच वर्षांत लेल्यांनी आपली गिरणी तयार केली. जात्याच्या दगडी पाळ्यांचा तोल साधला, पाया नव्याने बांधून त्यात रबर आणि बूच घातलं, पट्टा काढून मोटर थेट जोडली. ज्या दिवशी ती साहेबांना दाखवली त्या दिवशी त्यांनी चालू गिरणीवर चांदीचा रुपया कडेवर उभा केला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. धान्य पडत होतं, पीठ येत होतं, आणि रुपया हलायला तयार नव्हता. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लेल्यांचा चेहरा मी त्या एका दिवशी इतका फुललेला पाहिला. साहेब मात्र व्यवहाराचे पक्के. म्हणाले, "आधी एक गिरणी लोकांत चालवून बघू. गिऱ्हाईक खूश झालं तर दिवाळीनंतर हेच मशीन काढायचं. नाहीतर हे खातं बंद, तुम्ही पंपांकडे."

लेल्यांनी जागा निवडली ती आमच्याच आळीतली, बाळाराम पाटलाची गिरणी. बाळाराम तिथला जुना रहिवासी. बापजाद्यांची मिठागरं सुटल्यावर त्याने गिरणी घातली होती. त्याचं तेलाचं इंजिन फुक-फुक करत आख्खी आळी हादरवायचं. ते मागच्या पडवीत हलवलं, लेल्यांची गिरणी बसवली, आणि शेजाऱ्यांनी देवाचे आभार मानले. पहिले काही दिवस माणसं नुसती बघायला यायची. मग हळूहळू डब्यांची रांग आखूड होत गेली. गणपतीपर्यंत बाळाराम दुपारी गिरणीतच आडवा होऊन झोपायला लागला.

"लेलेसाहेब, तुमचा मशीन एकदम बेस हाय," तो म्हणाला. "पन बायका येत नाय, त्याला मी काय करू? मला तीन पोरं हायत."

बायकांना विचारायचं काम माझ्याकडे आलं. मी इंदूला सोबत घेऊन दारोदार हिंडलो. उत्तर सगळीकडे एकच : पीठ जाड येतं. लेल्यांनी ते ऐकलं आणि कामालाच लागले. बाळारामकडचं पीठ आणि बायका आता जिथे जायच्या त्या रुळांपलीकडच्या जुन्या गिरणीचं पीठ त्यांनी बारीक चाळण्यांतून पुन:पुन्हा चाळलं. आमची चाळणी, परक्याची चाळणी, रेशनचा गहू, रेशनवरची ती लाल परदेशी ज्वारी, मिलो, काही सोडलं नाही. बाळारामचं पीठ रतीभर बारीकच निघालं. त्यांनी ते साहेबांना पुराव्यानिशी दाखवलं. साहेब हसले. "अहो, लोकांना खडखडाट ऐकल्याशिवाय काम चाललंय असं वाटत नाही. एक पत्रा ठोका आत, वाजू दे."

लेले संतापले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "सहा वर्षं मी आवाज मारतोय, आणि हे म्हणतात पत्रा ठोका! लग्नात भाड्याने रडायला बायका आणा म्हणतील उद्या." मी म्हटलं, लग्नात नव्हे, मयताला. "तेच ते," म्हणाले, आणि तरातरा निघून गेले.

पण माणूस हट्टी. मला म्हणाले, "लोक जे सांगतात ते तुमच्या खात्याचं. लोक जे करतात ते आता मी बघतो. विचारलं की माणूस आपल्याला बरं वाटेल असं उत्तर देतो. यंत्र तेवढं लबाड नसतं." त्यांनी रजा काढली आणि रुळांपलीकडच्या त्या जुन्या गिरणीत, पोत्यांच्या थप्पीमागे, दिवसभर बसायला लागले. तिथल्या मालकाला वाटलं हे सरकारी इन्स्पेक्टर. तो त्यांना चहा पाजू लागला.

आठवडा संपायच्या आत ते कामावर परत आले. काय दिसलं विचारलं तर नुसती मान हलवली. जेवणाचा डबा उघडलाच नाही. मग साहेबांकडे निरोप पाठवला की निकाल सांगायचा आहे, आणि मलाही सोबत चला म्हणाले.

साहेबांसमोर ते उभेच राहिले. "गिरणी परत आणू या," म्हणाले. "पीठ जाड येतं."

साहेब चक्रावले. "लेले, तुम्हीच तर चाळून दाखवलं होतंत."

"माझी चाळणी चुकली," लेले म्हणाले.

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून मला घेरी यायची बाकी होती. जो माणूस आपल्या घड्याळावरही विश्वास ठेवत नसे, तो सांगत होता की माझी चाळणी चुकली. मी मध्ये काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की मी गप्प बसलो. साहेबांनी खांदे उडवले. खातं त्याच दिवशी बंद झालं.

बाहेर पडून आम्ही तलावाकाठी कठड्यावर बसलो. मला राग अनावर झाला होता. "सहा वर्षांच्या कामावर पाणी सोडलंत, तेही खोटं बोलून! का?"

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "त्या गिरणीत बायका दळायला येत नाहीत हो. म्हणजे दळण असतंच, पण येतात त्या बोलायला. घरात सासू, दीर, भिंतीपलीकडे शेजारी. एक शब्द मोठ्याने काढायची सोय नाही. इथे ते इंजिन धडधडायला लागलं की दोघी-दोघी डोकी जवळ आणतात आणि मन मोकळं करतात. शेजारच्या डबेवालीलाही ऐकू जात नाही. डोळे पुसले तर पीठ गेलं म्हणायचं. मी काय केलं, तर तेवढी एक जागाच बंद केली."

"मग साहेबांना हेच सांगायचं होतंत!"

"आणि? उद्या ते तुमच्या खात्यात, परवा डोंबिवलीच्या प्रत्येक ओसरीवर. मग कुठली सासू सुनेला एकटीला दळणाला पाठवील? मशीन माझं आहे, ते मी मोडू शकतो. त्यांचं गुपित माझं नाही."

मी म्हटलं, "पण तुम्हाला हे कळलं कसं? आवाजात ऐकू तर काही येत नसणार."

"नाही आलं." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "परवा सुमती आली होती तिथे, डबा घेऊन. एवढं लांब. मी थप्पीमागेच होतो. ती एका बाईशी बोलत होती. कुमुद गेल्यापासून ती माझ्याशी एवढं सलग बोलली नाही. हाताने उंची दाखवत होती, एवढी, एवढी अशी. आणि रडत होती." मग म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगितलं. कुणाला बोलू नका."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जेवढं प्रेम वाटलं तेवढं सख्ख्या भावाबद्दलही कधी वाटलं नाही. आम्ही तसेच उठलो.

बाळारामचं जुनं इंजिन पुन्हा जागेवर आलं. आळी हादरायला लागली, शेजारी बोटं मोडायला लागले, आणि डब्यांची रांग पुन्हा दाराबाहेर गेली. लेले पंपांकडे गेले, चांगलं काम करत राहिले. आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद, हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. पंप वाजत असला तर नुसतं म्हणायचे, "बघू, का वाजतोय ते."

पाच-सहा वर्षांनी, ऐन पावसाळ्यात, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. दिवसकार्य आटोपल्यावर मी आणि इंदू सुमतीवहिनींना भेटायला गेलो. त्या नेहमीसारख्याच हळू आवाजात बोलत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "एक गोष्ट मनाला फार लागून राहिलीय. ती ह्यांची गिरणी हो. पीठ उत्तम यायचं तिचं. पण मला तिथे... मला तिथे बसवेना. इंदूताई, तुम्ही विचारलंत तेव्हा पीठ जाड येतं असं सगळ्यांत आधी मीच म्हणाले. मग सगळ्यांनी तेच उचललं. ह्यांचं काम बुडालं, ते माझ्यामुळे. मरेपर्यंत त्यांना सांगायचं धाडस झालं नाही."

लेल्यांनी कुणाला बोलू नका म्हटलं होतं. पण समोर बसलेली बाई नवऱ्याचं काम बुडवल्याचं ओझं उरावर घेऊन जगणार होती, आणि ते मला बघवेना. मी म्हटलं, "वहिनी, त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तुम्हाला त्या पलीकडच्या गिरणीत पाहिलं होतं. आपलं मशीन त्यांनी आपण होऊन काढून घेतलं, तुम्हा सगळ्यांना ती जागा परत मिळावी म्हणून."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना हलकं वाटेल. इंदूने त्यांचा हात धरला.

"मला बघितलं होतं?" त्या म्हणाल्या. "रडताना?"

मी मान डोलावली.

"मग घरी येऊन एकदा तरी विचारायचं होतं ना. मी त्यांनाच सांगितलं असतं."